बदनाम औषधाची दुसरी खेळी

मुलांनो, आपली हाडं आतून भरीव असतात की पोकळ? मटणाची नळी ज्यांनी चोखली असेल त्यांना उत्तर चटकन येईल! हाडाच्या आत मऊ गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातल्या पेशी तयार करण्याचा कारखाना तो हाच.

या कारखान्यात प्लाझ्मा नावाच्या पेशी राहतात. त्यांचं काम रोगजंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये बनवायची. कधीकधी यातल्या एखाद्या पेशीचं डोकं फिरतं. ती आपल्यासारख्याच पेशी भराभर वाढवत सुटते, आणि त्या सगळ्या मिळून एकच निरुपयोगी प्रथिन तयार करत राहतात. छापखान्यात एकच चुकीचं पान रात्रंदिवस छापलं जावं, तसं. मग चांगल्या पेशींना जागा उरत नाही. रक्त कमी होतं, हाडं पोखरली जातात, मूत्रपिंडं तुंबतात. या रक्ताच्या कॅन्सरचं नाव मल्टिपल मायलोमा.

मुलांना हा रोग जवळजवळ होतच नाही. तो बहुधा साठीच्या पुढच्यांना गाठतो. पण म्हणूनच तर सांगतो! आजोबांची पाठ दुखली की आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दुखणं महिनोन्‌महिने हटत नसेल, जोडीला थकवा आणि फिकटपणा असेल, तर रक्त-लघवीची तपासणी करून घेतलेली बरी.

लघवीचा या रोगाशी संबंध कसा कळला, तीही एक गंमतच. १८४५ साली लंडनच्या डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी आपल्या रुग्णाची लघवी तपासायला हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवली. तिच्यातला साका उकळल्यावर विरघळे आणि गार झाल्यावर पुन्हा दिसे! अंड्याचा पांढरा बलक एकदा घट्ट झाला की झाला, मग हे प्रथिन कुठलं? त्याला आजही बेन्स जोन्स प्रथिन म्हणतात. त्या बिचाऱ्या रुग्णाला लोह दिलं, क्विनाइन दिलं, जळवा लावल्या. १८४६ च्या सुरुवातीलाच तो गेला.

पुढे शंभरहून अधिक वर्षं फारसं काही हाती लागलं नाही. १९६० च्या दशकात मेलफॅलन हे औषध आलं. १९८० च्या दशकात त्याचा जबर डोस देण्याची पद्धत निघाली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी आधी काढून ठेवतात आणि औषधानंतर परत शरीरात सोडतात. तरीही रोग उलटायचाच.

आणि मग मैदानात आलं थॅलिडोमाइड. आईबाबांना विचारा, त्यांनी हे नाव ऐकलं असेल, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा गंभीर होईल. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचं निर्धोक औषध म्हणून ते विकायला आलं. गरोदर स्त्रिया मळमळ थांबावी म्हणून ते घेऊ लागल्या, आणि हात-पाय खुंटलेली बाळं जन्माला येऊ लागली. अशी मुलं जगभरात दहा हजारांहून अधिक होती. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. अमेरिकेत ते बाजारात आलंच नाही, कारण डॉ. फ्रान्सिस केल्सी नावाची एक सरकारी अधिकारी पुरावा मागत अडून बसली. असा अडेलपणा हवाच!

इतकं बदनाम झालेलं औषध फेकूनच द्यायचं ना? पण १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांना दिसलं, की कुष्ठरोग्यांना येणाऱ्या एका अतिशय वेदनादायक गाठींवर त्याचा झपाट्याने गुण येतो. १९९४ साली बोस्टनमध्ये आढळलं, की ते नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्त लागतं, मग तिचा पाणीपुरवठाच तोडला तर?

ही कल्पना मायलोमापर्यंत नेली ती एका रुग्णाच्या पत्नीने. नवऱ्यावरचे सगळे उपाय थकले होते. तिने डॉक्टरांमागून डॉक्टरांना फोन केले. अखेर १९९७ मध्ये अर्कान्सासमधले डॉ. बार्ट बार्लोगी तयार झाले. तिच्या नवऱ्याला गुण आला नाही; तो वाचला नाही. पण त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या एका रुग्णाचा रोग मात्र झपाट्याने ओसरला. मग ८४ जणांना औषध दिलं गेलं. त्यांचेही बाकी उपाय बहुतेक संपलेले होते. जवळजवळ एक तृतीयांश लोकांना उतार पडला. १९९९ मध्ये ही बातमी छापून आली.

गंमत म्हणजे पाणीपुरवठ्याचा तर्क अपुराच ठरला. २०१० साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हे औषध सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. सेरेब्लॉन पेशीतली कुठली प्रथिनं कचऱ्यात टाकायची त्यांवर खूण करतं. औषध चिकटलं की त्याची निवड बदलते, आणि मायलोमाच्या पेशीला जगायला लागणारी दोन प्रथिनंच कचऱ्यात जातात. गर्भात हीच चलाखी बाळाचे अवयव घडवणाऱ्या प्रथिनावर चालते, हे २०१८ मध्ये कळलं. म्हणजे तारक आणि मारक गुण एकच!

त्याचं सुधारलेलं भावंड लेनॅलिडोमाइड २००६ पासून मायलोमासाठी वापरात आहे आणि भारतीय कंपन्याही ते बनवतात. त्याआधी २००३ मध्ये आलेलं बॉर्टेझोमिब पेशीचा कचरा दळणारी गिरणीच बंद पाडतं. २०१५ चं डॅराट्युमुमॅब रोगट पेशींना हुडकून चिकटतं. आणि २०२१ पासून अमेरिकेत रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना मायलोमा ओळखायला शिकवून परत सोडतात. अशीच पेशींची शिकवणी मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालयाने मिळून तयार केली. तिला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, मात्र ती रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरांसाठी.

मायलोमा बहुतेकांच्या बाबतीत अजून मुळापासून जात नाही. दबतो आणि पुन्हा डोकं काढतो. पण पूर्वी जिथे दोन-तीन वर्षांचा हिशेब असे, तिथे आता कितीतरी रुग्ण दहा-दहा वर्षं काढतात. आणि थॅलिडोमाइड? ते द्यायचं असलेली स्त्री तरुण असेल, तर ती गरोदर नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय डॉक्टर आजही त्याची पहिली गोळी देत नाहीत.