लाइट गेली तर छातीचा जुना फोटो वाचतो कसा?

वळवाचा पाऊस आला की धाराशिव जिल्ह्यात आधी लाइट जाते. भूम-परंड्याकडे आभाळ गडगडते, वारा सुटतो आणि एखाद्या दवाखान्यातला कॉम्प्युटर डॉक्टरांच्या समोरच बंद पडतो. त्यात रुग्णाचा छातीचा एक्स-रे उघडलेला असेल, तर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘साहेब, मागचा फोटो गेला का?’

प्रश्न साधा वाटला तरी महत्त्वाचा आहे. फुप्फुसावर दिसणारा डाग जुन्या क्षयरोगाचा व्रण आहे की नवा आजार, हे एका फोटोवरून नेहमीच सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला आणि डाग तेवढाच दिसला, तर बराच धीर येतो. जुना फोटो नसेल तर थुंकीची तपासणी, सीटी स्कॅन, कधी सोलापूरची फेरी आणि घरच्यांच्या जिवाला घोर. आता बरेच एक्स-रे फिल्मऐवजी कॉम्प्युटरवर साठवले जातात. मोठ्या साठ्यासाठी आजही स्वस्त पडते ती फिरणारी हार्ड डिस्क. म्हणून ती लाइट गेल्यावर काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे-लिहिणारे बारीक टोक, म्हणजे हेड, तबकडीला टेकत नाही. फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. तबकडीचा वेग ढळला की हवेचा हा आधारही ढळतो. त्यामुळे सगळी भिस्त तबकडी फिरवणाऱ्या छोट्या मोटरवर असते.

घरातल्या मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात. ते झिजतात, ठिणग्या उडवतात, भुकटी सोडतात. हार्ड डिस्कच्या आत धुळीचा कणही चालत नाही. म्हणून तिथे ब्रश नसलेली मोटर वापरतात. बाजारात ‘बीएलडीसी’ पंखे मिळतात, त्याच जातीची. तिच्यात चुंबक फिरतो आणि तारेच्या गुंडाळ्या जागेवर असतात. कोणत्या गुंडाळीत, कधी आणि किती करंट सोडायचा, हे एक छोटी चिप ठरवते.

हृदयाचे उदाहरण घेतले तर हे लवकर समजते. हृदयात विजेचा इशारा ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या क्रमाने पसरतो, तेव्हाच ठोका नीट पडतो. क्रम बिघडला तर हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही. या मोटरचेही तसेच आहे. गुंडाळ्यांच्या तीन जोडण्या असतात. साध्या पद्धतीत एका वेळी दोघींतून करंट जातो आणि तिसरी मोकळी राहते. फिरत्या चुंबकामुळे या मोकळ्या गुंडाळीत थोडी वीज तयार होते. तिच्यावरून चुंबक कुठवर आला हे चिपला कळते आणि ती पुढच्या जोडीत करंट सोडते. करंट कमी-जास्त करण्यासाठी चिप तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. करंट जास्त झाला तर मोटर तापते. तो समान नसेल तर तबकडी हादरते आणि हेडचा नेम चुकतो.

खरी कसोटी सुरुवातीला लागते. थांबलेल्या मोटरमध्ये उलट दाबाची वीज नसते, त्यामुळे करंट एकदम उसळू शकतो. चिप त्याला आवर घालते. तरीही साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. वेग आला की तो बराच उतरतो. एका सर्व्हरमध्ये आठ डिस्क असल्या तर हा भार १६ अँपिअरच्या घरात जातो. म्हणून तिथे डिस्क एकामागून एक सुरू करतात.

आणि लाइट गेल्यावर? पिठाची गिरणी बंद केली तरी तिचे चाक काही वेळ फिरत राहते. तबकड्याही तशाच फिरत राहतात. पुरवठा घसरल्याचे कळताच चिप मोटरची भूमिका बदलते. सायकलच्या डायनामोप्रमाणे मोटर आता वीज तयार करते. तेवढ्या विजेवर हेड तबकडीवरून उचलून बाजूच्या सुरक्षित जागी नेले जाते. मग गुंडाळ्या एकमेकींना जोडून तबकड्यांना ब्रेक लावला जातो. हेड बाजूला नेण्याचे काम आपण ‘लाइट गेली’ म्हणेपर्यंत उरकते. हेड तबकडीवर आदळले असते, तर थर खरवडून माहिती कायमची गेली असती.

म्हणजे मागचा फोटो बहुतेक वेळा सुखरूप असतो. पण त्या क्षणी लिहिली जात असलेली माहिती मोटर वाचवू शकत नाही. तात्पुरत्या मेमरीतला मजकूर वीज जाताच पुसला जातो आणि अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. त्यासाठी यूपीएस हवा. त्याची बॅटरी उन्हाळ्याच्या उष्णतेत लवकर खराब होते, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती तपासून घ्यावी. लाइट ये-जा करत असेल तर पुरवठा स्थिर होईपर्यंत कॉम्प्युटर बंदच ठेवावा. चालू असलेली बाहेरची डिस्क हलवू नये. डिस्कमधून सारखा ‘टिक टिक’ आवाज येऊ लागला तर ती पुन्हा पुन्हा सुरू न करता जाणकाराकडे द्यावी.

दवाखान्यांनी माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. हा नियम कॉम्प्युटरच्या क्षेत्रात जुना आहे. कोणतीही डिस्क कधी ना कधी बंद पडतेच.

रुग्णांनाही यात करण्यासारखे आहे. एक्स-रे, सीटी स्कॅन, ईसीजी यांची प्रत मागून घ्यावी. तारीख लिहून ती एका पिशवीत जपावी आणि दवाखान्यात जाताना पिशवी सोबत न्यावी. मोबाइलवर काढलेला एक्स-रेचा फोटो अडीअडचणीला उपयोगी पडतो, पण बारीक डाग त्यात हरवतात. मूळ फिल्म किंवा सीडी जवळ असेल, तर लाइट गेलेल्या दिवशीही डॉक्टरांना जुना आणि नवा डाग शेजारी ठेवून पाहता येईल.