संगणकाचे स्पीकर आणि लहान खोली

संगणकावरून धडे, व्याख्यानें व गाणीं ऐकण्याची सोय आतां पुष्कळ घरांत झाली आहे. परंतु अनेकदां असें होतें कीं, वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळतात, डग्गा नुसताच घुमतो आणि गायकाचा आवाज एकाच कोपऱ्यांतून येतो. मग मुलें अधिक मोलाच्या स्पीकरांचा हट्ट धरतात व वडील माणसें खिशाकडे पाहतात. दुकानाची वाट धरण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सतारीला जसा भोपळा, तशी स्पीकरला खोली. तारेबरोबर भोपळाहि वाजतो. स्पीकरबरोबर खोलीहि वाजते. म्हणून स्पीकर बदलण्याआधीं त्यांची जागा बदलून पाहावी. तिला पैसा पडत नाहीं.

प्रथम ध्वनीची चाल पाहूं. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. सेकंदास १०,००० कंपनें असलेल्या उंच स्वराची लहर सुमारें ३.४ सेंटिमीटर लांब असते. १०० कंपनांच्या खर्जाची लहर सुमारें ३.४ मीटर, म्हणजे जवळजवळ खोलीएवढी असते. उंच स्वर दिव्याच्या झोताप्रमाणें समोर जातो व भिंतीवरून उलटतो. खर्ज मात्र चोहोंकडे पसरतो, समोरासमोरच्या भिंतींमध्यें कोंडला जातो आणि तेथें त्याच्या स्थिर लहरी उत्पन्न होतात. त्यामुळें तोच स्वर खोलींत एके ठिकाणीं जाड तर दुसऱ्या ठिकाणीं क्षीण लागतो. एखादा खोल स्वर सतत वाजवीत ठेवून खोलींत सावकाश फिरावें, म्हणजे याची प्रचीति येईल. कोपऱ्यांत तो सर्वांत अधिक फुगतो.

आतां दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली घेऊं. टेबल दहा फुटांच्या भिंतीशीं, बरोबर मध्यभागीं ठेवावें. तें कोपऱ्यांत ठेवलें, तर एका स्पीकरला दोन भिंतींचा आधार मिळतो व दुसऱ्यास एकीचाच. मग दोहोंचा तोल राहत नाहीं. स्पीकर मागच्या भिंतीस चिकटवूं नयेत. टेबलाच्या पुढच्या कडेजवळ आणावे. दोन स्पीकर व ऐकणाऱ्याचें मस्तक मिळून समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरांमध्यें तीन फूट अंतर असेल, तर प्रत्येकापासून तीन फुटांवर बसावें आणि दोहोंचीं तोंडें आपणांकडे वळवावीं. भूमितीचा धडा येथें असा उपयोगी पडतो!

याचें कारण आपल्या दोन कानांत आहे. उंच स्वराची दिशा आपण मुख्यतः दोन कानांवर पडणाऱ्या आवाजाच्या कमीअधिकपणावरून ओळखतों, आणि खालच्या स्वराची दिशा तो कानांशीं पोंचण्यांतील सूक्ष्म अंतरावरून, असें लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं प्रतिपादिलें. एक स्पीकर जवळ असला कीं त्याचा आवाज आधीं व मोठा येतो, आणि सारें गाणें तिकडूनच येत आहे असें कानास वाटतें. उंच स्वराचा लहान पडदा कानाच्या उंचीवर यावा म्हणून स्पीकर पुस्तकांवर ठेवावे किंवा किंचित् मागें कलते करावे. खालीं रबराचा तुकडा अथवा जाड कापडाची घडी घालावी. नाहीं तर पोकळ टेबल स्वतःच ढोल बनतें.

यापुढची गोष्ट प्रतिध्वनीची. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. १८९५ सालीं तो दोष दूर करण्याचें काम वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाकडे आलें. रात्रीच्या शांततेंत ऑर्गनची नळी वाजवून त्यानें घुमण्याचा काळ मोजला, आणि नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या आणून मांडल्या. जों जों गाद्या वाढल्या, तों तों घुमणें कमी झालें. आपल्या घरीं हेंच काम गोधडी, सतरंजी व पुस्तकांनीं भरलेलें कपाट करतें. तीं कोठें असावीं हें आरशानें कळतें. आपण जाग्यावर बसावें व धाकट्या भावास बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत नेण्यास सांगावें. जेथें आरशांत स्पीकर दिसेल, तेथूनच आवाज उलटून कानावर येतो. तेथें गोधडी टांगावी. मात्र पातळ पडद्यानें खर्ज अडत नाहीं. त्याचा मुख्य उपाय म्हणजे जागा बदलणें.

शब्द कळेना कीं आवाज वाढविण्याची संवय पुष्कळांस असते. ती टाकावी, कारण आवाज वाढला कीं प्रतिध्वनिहि त्याच प्रमाणांत वाढतो, आणि शब्द होता तसाच अस्पष्ट राहतो. मोठ्या माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांहून अधिक ऐकूं नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मुलांनीं त्याहूनहि जपावें. गेलेली श्रवणशक्ति बहुधा परत येत नाहीं. शिवाय भिंतीपलीकडे कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल.

शेवटीं परीक्षा सोपी आहे. एकाच माणसाचें भाषण दोन्ही स्पीकरांवर सारख्या आवाजांत लावावें व डोळे मिटून ऐकावें. बोलणारा बरोबर समोर, दोन स्पीकरांच्या मध्यें बसला आहे असें वाटलें, तर मांडणी साधली. तो डावी-उजवीकडे सरला, तर स्पीकर बोटभर हलवून पुन्हां ऐकावें. एवढें करूनहि आवाज मनास न आला, तर मगच दुकानाची वाट धरावी.