देवाचं काम कोण करणार?

खंडेनवमीला भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावून बघावं. लेथच्या बेडवरचं चिकट ऑइल वेस्टच्या बोळ्याने पुसून काढलेलं असतं, कोपऱ्यांतल्या चिप्स झाडलेल्या असतात. सीएनसीला झेंडूचा हार, पॉवर प्रेसला हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ. मालक, सुपरवायझर, लातूरकडचा ऑपरेटर आणि बिहारचा हेल्पर एका रांगेत उभे राहतात. हेल्परची विश्वकर्मापूजा १७ सप्टेंबरलाच झालेली असते, तरी प्रेससमोर तो पुन्हा मनापासून हात जोडतो. प्रेस बोटं खाते, हे शॉपफ्लोअरवर कुणाला सांगावं लागत नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला गार्ड असलाच पाहिजे, असं १९४८च्या कारखाने कायद्याच्या २१व्या कलमाने घालून दिलं होतं. उत्पादनाच्या घाईत तो गार्ड जिथे काढून ठेवतात, तिथे कामगाराच्या हाती नमस्कारच उरतो.

माणसाला देवाधर्माशिवाय भागवता येईल का, हा प्रश्न मला या नमस्कारापासून सुरू करावासा वाटतो. देव आहे की नाही, या वादात मी बुद्धिवादी आगरकरांच्या बाजूचा आहे. पण देव माणसाच्या संसारात काही कामं करत आलाय. तो भीती झेलतो, माणसं गोळा करतो, बरंवाईट ठरवून देतो. ही कामं दुसरं कोण करणार, ते आधी पाहायला हवं.

देवाशिवाय भागवणं जगात दोन वाटांनी करून पाहिलं गेलं. अल्बानियाने १९६७ साली धर्मावर सरसकट बंदी घातली, मशिदी आणि चर्चना कुलपं लावली. १९९०च्या सुमारास राजवट डळमळली आणि लोक पुन्हा प्रार्थनेला जमले. डेन्मार्क-स्वीडनमध्ये कुणी बंदी घातली नाही, तरी चर्चमधली बाकं रिकामी होत गेली. पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी २००४ साली अनेक देशांची पाहणी मांडून दाखवलं, की आजारपण, बेकारी, म्हातारपण यांची धास्ती जिथे कमी होते, तिथे धर्माची पकडही सैल होते. अमेरिकेसारखे अपवाद आहेत, पण मला हे म्हणणं पटतं. भोसरीतला प्रेस ऑपरेटर आणि कोपनहेगनचा कामगार यांच्यातला फरक बुद्धीचा नाही. कोपनहेगनच्या कामगाराच्या पाठीशी व्यवस्था उभी आहे आणि भोसरीतल्याच्या नाही.

आपला पिंपरी-चिंचवडचा पट्टा या बाबतीत विलक्षण आहे. चिंचवडला मोरया गोसावी, एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मधे १९५४ साली पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून पसरत गेलेले कारखाने. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती सतरा लाखांवर गेली होती. कारखाने आले म्हणून वारी आटली नाही. तुकोबांची पालखी आजही आकुर्डीत मुक्काम करते. एवढंच नाही, तर चाकणजवळ शिंदे-वासुलीला डाऊ केमिकल्सचं संशोधन केंद्र होऊ घातलं, तेव्हा २००८ साली गावकऱ्यांसोबत वारकरी रस्त्यावर उतरले. तुकोबांचा भामचंद्र डोंगर तिथून जवळ, खाली नदीचं पाणी, आणि मनात भोपाळची वायुदुर्घटना. शेवटी कंपनीला तिथून काढता पाय घ्यावा लागला. नदीची काळजी वाहणं हे खरं तर सरकारी यंत्रणेचं काम. ते टाळ-मृदंगवाल्यांनी अंगावर घेतलं, हे माझ्यासारख्या नास्तिकाने मोकळेपणी मान्य केलं पाहिजे.

पण देवाशिवाय भागेल का, या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर याच पट्ट्यात, देहूरोडला मिळालं. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. तारीखही ध्यानात घेण्यासारखी आहे. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली होती. तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर उभं राहून, पंढरीचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, असं बाबासाहेब त्या भाषणात म्हणाले. इतिहास म्हणून यावर वाद आहे. मला त्यात त्यांची दुसरी तळमळ दिसते, लोकांच्या जिव्हाळ्याशी नातं न तोडता त्यांना नव्या वाटेवर नेण्याची.

ती वाट कोणती, ते त्यांच्या निधनानंतर १९५७ साली निघालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात आहे. ईश्वर नाही, आत्मा नाही, चमत्कार नाही. माणसाने माणसाशी कसं वागावं, एवढाच धम्माचा विषय. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोघं एकत्र आले की तो टळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ईश्वर वगळूनही नीती आणि संघ त्यांनी सोडले नाहीत. मार्क्सचा मोह पडलेल्या तरुणांशी त्यांचा मतभेद होता तो इथेच. २०११ साली महाराष्ट्रात पासष्ट लाख लोकांनी स्वतःची नोंद बौद्ध अशी केली. यातल्या कितीतरी घरांत जुने देवही सांभाळले जातात, नवसही बोलले जातात. तरीही वस्तीतलं विहार, तिथली अभ्यासिका आणि मयतीला धावून येणारी माणसं हे त्या उत्तराचं जिवंत रूप आहे.

याच प्रश्नावर पुढच्या काळात अभिनेते डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करा म्हणत, तर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाधर्माला हात न लावता त्याच्या नावावरच्या शोषणाशी लढत. दोघं एका व्यासपीठावर बसून हा मतभेद लोकांपुढे मांडत. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. मला मनातून लागू पटतात, पण कामाची पद्धत दाभोलकरांची बरोबर वाटते.

त्या पद्धतीने आता चाकणकडे पाहा. खोलीत चार-पाच जण दाटीने राहणारी, कंत्राटदाराकडे हजेरी लावणारी पोरं. एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय या कामगार विम्यासाठी कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के भरले गेले पाहिजेत. कंत्राटदाराने ते भरले नाहीत, तर हात प्रेसमध्ये अडकल्यावर त्या पोराच्या मदतीला गावाकडचं मंडळ येतं, आणि त्या मंडळाच्या मधोमध गणपती असतो. त्या पोराला देव सोडायला सांगण्याआधी युनियनने त्याला सभासद करून घ्यावं आणि कामगार खात्याने त्या प्रेसचा गार्ड जागेवर आहे का ते येऊन तपासावं. पुढचा वाद मी त्याच्याशी आनंदाने घालीन.