वाऱ्यावर ठरणारा क्रिलचा हंगाम

क्रिल म्हणजे जवळा नव्हे. दोघेही दिसायला कोळंबीच्या पिल्लांसारखे. पण जवळा कोळंबीच्या भाऊबंदांतला, त्याचे कल्ले कवचाआड झाकलेले. क्रिलचे कल्ले उघडे असतात. अंटार्क्टिकाचे क्रिल सर्वांत प्रसिद्ध असले, तरी किनाऱ्यालगत क्रिलचा हंगाम कसा ठरतो हे कॅलिफोर्नियाच्या समुद्रात फार स्वच्छ दिसते.

तिथे दोन जाती महत्त्वाच्या. थायसनोएसा स्पिनिफेरा किनाऱ्याजवळचे उथळ पाणी धरून राहते. युफॉसिया पॅसिफिका ही जेमतेम दोन सेंटिमीटरची जात, समुद्राचा तळ एकदम खोल उतरतो तिथे आणि त्यापलीकडे सापडते.

वसंतात वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहू लागतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. ते पोषकद्रव्यांनी भरलेले असते. काही दिवसांतच सूक्ष्म वनस्पती, विशेषतः डायटम, फोफावतात. क्रिल मात्र इतक्या लगेच वाढत नाही. अंडी, अळ्या, एकामागून एक कात टाकणे, यात आठवडेच काय, महिने जातात. त्यामुळे मॉन्टेरे उपसागरात क्रिलची रेलचेल उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत असते, आणि नीलदेवमासेही साधारण त्याच सुमारास तिथे येतात.

रेलचेल म्हटले, तरी क्रिल सगळीकडे सारखे पसरलेले नसते. मॉन्टेरेच्या समुद्राखालील दरीच्या कडांवर त्याचे दाट थवे जमतात. तिथून थोड्या अंतरावर पाणी जवळजवळ रिकामे असू शकते. दिवसा क्रिल खोल अंधारात राहते, रात्री चरायला वर येते. ही येरझार शिकाऱ्यांपासून वाचवते, शिवाय वरचा प्रवाह बाहेर ओढत असताना दिवसाचे तास खाली काढल्याने क्रिल पार दूर वाहून जात नाही. वारा फारच जोराचा आणि सलग राहिला, तर हा उपायही तोकडा पडतो. म्हणजे वारा हवा, पण बेताचा. हिवाळ्यात वारे फिरतात, अन्न घटते, क्रिल विरळ होते. उपाशी क्रिल कात टाकताना चक्क आकाराने लहान होऊ शकते!

वेळापत्रक चुकले की काय होते, हे 2005 साली दिसले. वारे उशिरा सुरू झाले, क्रिल वेळेवर मिळाले नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरालॉन बेटांवरच्या कॅसिन्स ऑकलेट या लहान समुद्रपक्ष्यांनी घरटी सोडून दिली. समुद्र उबदार होतो त्या एल निनोच्या वर्षांत दक्षिणेकडची निक्टिफॅनिस सिम्प्लेक्स ही उबदार पाण्यातली जात उत्तरेकडे सरकते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या केंद्राच्या अखत्यारीतील समुद्रात 2009 पासून क्रिल पकडायला बंदी आहे. तिथे क्रिलची मोठी मासेमारी उभी राहण्याआधीच हा नियम झाला, हे विशेष.