पॉल नॅशची बोलकी भूमी

निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरची हिरवी शेते आणि मावळता सूर्य उभा राहतो. पाहणाऱ्याचे मन प्रसन्न करावे, एवढेच त्या चित्राचे काम, अशी आपली समजूत असते. ब्रिटिश चित्रकार पॉल नॅश (१८८९–१९४६) याची चित्रे या समजुतीला धक्का देतात.

नॅशला झाडांची विलक्षण ओढ होती. झाडे तो माणसे समजून रंगवीत असे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तो सैनिक अधिकारी म्हणून बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर गेला. मे महिन्यात खंदकात पडून त्याची बरगडी मोडली व त्याला मायदेशी धाडण्यात आले. काही दिवसांतच त्याचे अनेक सहकारी एका हल्ल्यात मारले गेले. अपघाताने तो वाचला! त्याच वर्षाच्या अखेरीस तो सरकारी युद्धचित्रकार म्हणून पुन्हा त्या भूमीवर गेला.

'आम्ही नवे जग घडवीत आहोत' हे त्याचे १९१८ मधील चित्र पाहा. तोफांनी उखणलेली जमीन, झाडांचे जळके खुंट आणि तांबूस ढगांवरून वर येणारा फिकट सूर्य. चित्रात एकही माणूस नाही, एकही प्रेत नाही. परंतु झाडांना माणसे मानणाऱ्याने हे खुंट रंगविले आहेत, हे ध्यानात घेतले की प्रेते वेगळी दाखविण्याची गरज उरत नाही. शीर्षकातील उपरोध तर मनाला झोंबतो.

दुसऱ्या महायुद्धात त्याने 'मृत समुद्र' (१९४०–४१) रंगविला. ऑक्सफर्डजवळ काउली येथे पडलेल्या विमानांचे सांगाडे जमा केले होते. चांदण्यात त्यांतील जर्मन विमानांचे मोडके पंख त्याला गोठलेल्या लाटांसारखे भासले. शत्रूच्या पराभवाचे हे चित्र. पण त्यात विजयाचा जल्लोष नाही, स्मशानशांतता आहे.

पुढे दम्याने जर्जर झालेला नॅश एका स्नेह्याच्या घरातून दुर्बिणीने दूरच्या विटनहॅम टेकड्या न्याहाळीत असे. १९४३ साली त्याने त्या टेकड्यांवरील वसंतसंपात रंगविला. त्या दिवशी दिवस व रात्र समसमान असतात. चित्रातही सूर्य आणि चंद्र एकाच वेळी दिसतात. मृत्यूची चाहूल लागलेल्या माणसाचा तो प्रकाश व अंधार यांच्याशी झालेला समेट वाटतो.

म्हणून निसर्गचित्र पाहताना 'हे ठिकाण कोठले?' एवढेच विचारून भागत नाही. ते पाहणाऱ्या माणसावर काय गुदरले होते, हेही विचारावे लागते. नॅशच्या चित्रांत त्याचे उत्तर माती आणि झाडेच देतात.