मल्टिकोअर संगणकांसाठी समांतर प्रोग्रॅमिंगमधील पीएच.डी. संशोधन

मल्टिकोअर संगणकांसाठी समांतर प्रोग्रॅमिंग ही संगणकशास्त्राची एक शाखा होय. एकच काम अनेक भागांत विभागून ते प्रोसेसरच्या निरनिराळ्या कोअरवर एकाच वेळी, अचूकपणे व कमी वेळात कसे पार पाडावे, याचा विचार या शाखेत केला जातो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारा घटक. मराठीत त्यास गाभा असेही म्हणतात. या शाखेतील बरेचसे संशोधन महासंगणकाविना, साध्या संगणकावरही सुरू करता येते. त्यामुळे धाराशिवसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनाही हे क्षेत्र खुले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे स्वरूप, महाराष्ट्रातील परंपरा, प्रवेशाचे नियम व शिष्यवृत्त्या यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रोसेसरची गती सातत्याने वाढत होती. जुनी आज्ञावली नव्या संगणकावर कोणताही बदल न करता अधिक वेगाने चालत असे. पुढे वाढत्या गतीबरोबर निर्माण होणारी उष्णता आवरेनाशी झाली आणि एका प्रोसेसरवर एकाहून अधिक कोअर बसविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. आयबीएमचा दोन कोअरचा पॉवर-४ हा प्रोसेसर २००१ मध्ये आला. २००५ मध्ये इंटेल व एएमडी यांनी घरगुती संगणकांसाठी असे प्रोसेसर बाजारात आणले. आज अनेक मोबाइल फोनमध्येही आठ कोअर असतात. मात्र एकामागून एक आज्ञा पाळणारी आज्ञावली त्यांपैकी एकच कोअर वापरते. उरलेल्या कोअरना काम देण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर आली, आणि तेथूनच संशोधनाचे नवे प्रश्न उभे राहिले.

मूलभूत अडचणी

पहिली अडचण मर्यादेची आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, कामाचा जो भाग विभागता येत नाही तो एकूण वेगाला मर्यादा घालतो. एखाद्या कामाचा दहा टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही कोअर जोडले तरी काम दहापटीहून अधिक वेगाने होऊ शकत नाही. उत्तरपत्रिका दहा परीक्षकांत वाटता येतात; पण अंतिम गुणपत्रक एकाच व्यक्तीने तयार करायचे असेल, तर सर्वांना तेथे थांबावेच लागते.

दुसरी अडचण अचूकतेची आहे. एका खात्यात १,००० रुपये शिल्लक आहेत, असे समजा. दोन कारकुनांनी ती शिल्लक एकाच वेळी वाचली; एकाने ५०० व दुसऱ्याने ३०० रुपये मिळवून आपापली बेरीज लिहिली. खरी शिल्लक १,८०० हवी. पण वहीत शेवटी लिहिणाऱ्याप्रमाणे १,५०० किंवा १,३०० राहील. दोन कोअर स्मृतीतील एकाच जागेवर लिहू लागले की असाच दोष उद्भवतो. तो प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही. हजार वेळा बरोबर चाललेली आज्ञावली पुढच्या वेळी चुकू शकते. कुलूप लावून, म्हणजे एका वेळी एकालाच लिहू देऊन, हा दोष टाळता येतो. परंतु कुलपे वाढली की प्रतीक्षा वाढते आणि समांतरतेचा लाभ घटतो. अचूकता आणि वेग यांतील ही ओढाताण या क्षेत्रातील पुष्कळ प्रबंधांचा मूळ विषय असते.

संशोधनाचे प्रमुख विषय

• दोषशोधन : कोअरमधील स्पर्धेमुळे होणारे दोष आपोआप शोधणे व आज्ञावलीची अचूकता सिद्ध करणे.
• कंपायलर : क्रमवार आज्ञावलीचे समांतर रूपांतर आपोआप करणे.
• कामाची वाटणी : काही कोअर रिकामे व काही दबलेले राहू नयेत, अशी व्यवस्था करणे.
• स्मृतिव्यवस्था : कोअरजवळची कॅश स्मृती कार्यक्षमतेने वापरणे.
• ऊर्जाबचत : वेग फारसा न घटवता विजेचा वापर कमी करणे.
• मिश्र संगणन : प्रोसेसर व जीपीयू यांना एकत्र काम करावयास लावणे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील लक्ष्मीकांत काळे यांचे कार्य कामाच्या वाटणीचे ठळक उदाहरण आहे. त्यांच्या गटाने विकसित केलेल्या चार्म++ या प्रणालीत कामाचे तुकडे प्रोसेसरच्या संख्येहून अधिक केले जातात आणि आज्ञावली चालू असतानाच ते एकीकडून दुसरीकडे हलविता येतात. जैविक रेणूंच्या अभ्यासाची नॅमडी ही आज्ञावली याच प्रणालीवर उभी आहे. या कार्यासाठी काळे व क्लाउस शुल्टेन यांना २०१२ चा सिडनी फर्नबाख पुरस्कार विभागून देण्यात आला.

महाराष्ट्रातील परंपरा

शक्तिशाली महासंगणकांच्या निर्यातीवर अमेरिकेने निर्बंध घातल्यानंतर, १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर हे त्याचे संस्थापक कार्यकारी संचालक होते. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनविण्याऐवजी अनेक साध्या प्रोसेसरना एकत्र राबविण्याचा मार्ग केंद्राने निवडला. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरवर आधारलेला परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये सिद्ध झाला. पुण्यातच टाटा समूहाने उभारलेला एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक क्रमवारीत चौथा होता.

२०१५ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय महासंगणन अभियानास मान्यता दिली. त्याअंतर्गत पुण्याच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म कार्यान्वित झाला. या अभियानाच्या मनुष्यबळ प्रशिक्षणासाठी नेमलेल्या केंद्रांत आयआयटी गोवा ही संस्थाही आहे.

प्रवेश व पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण, अथवा चार वर्षांच्या पदवीस किमान ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांस पाच टक्क्यांची सवलत आहे. किमान कालावधी तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा असून महिला व दिव्यांग संशोधकांस आणखी दोन वर्षे मिळू शकतात. सेवेत असलेल्यांना संस्थेच्या ना-हरकत प्रमाणपत्रासह अर्धवेळ पीएच.डी. करता येते, तालुक्याच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट या विनियमांत नाही; तथापि संस्था स्वतंत्रपणे ती घालू शकते. प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करता येते. म्हणून अर्जापूर्वीच मार्गदर्शकाकडील रिक्त जागांची चौकशी करणे हितावह ठरते. प्रवेशासाठी नेट, गेट किंवा संस्थेची परीक्षा व मुलाखत असे मार्ग आहेत.

शिष्यवृत्त्या

कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतरची वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,००० रुपये आहे. आयआयटी व अन्य निवडक संस्थांतील पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती ७०,००० रुपयांपासून सुरू होते. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञानातील संशोधनासाठी केंद्राची विश्वेश्वरय्या पीएच.डी. योजना आहे. राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग छत्रपती संभाजीनगर येथे, तर शेजारच्या सोलापूर विद्यापीठात संगणकीय शास्त्रांचे स्वतंत्र संकुल आहे. पुणे व मुंबई येथील संस्थांचा मार्गही खुला आहे.

या संशोधनाचा जिल्ह्याच्या जीवनाशी निकटचा संबंध आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूरसह या जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. भूकंपलहरी जमिनीतून कशा पसरतात, याचे गणित समांतर संगणनानेच व्यवहार्य वेळेत सुटते. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यास पावसाचा अंदाजही तितकाच मोलाचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या आणि मे २०२५ मध्ये लोकार्पित झालेल्या भारत पूर्वानुमान प्रणालीने अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली. जाळीचे अंतर निम्मे केले की चौकटी चौपट होतात. काळाचे टप्पेही निम्मे करावे लागल्यास गणिताचे काम सुमारे आठपट होते. हे वाढीव काम वेळेत उरकले, तरच अंदाज पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडतो.

आरंभासाठी लागणारी साधने बहुतांशी विनामूल्य आहेत. लिनक्स, जीसीसी कंपायलर व ओपनएमपी यांच्या साह्याने चार कोअरच्या संगणकावर प्रयोग करता येतात. एमपीआयच्या साह्याने प्रयोगशाळेतील अनेक संगणक जोडून एकच काम देता येते. एकच आज्ञावली एक, दोन व चार कोअरवर अनेक वेळा चालवून लागलेला वेळ नोंदविणे आणि वेग अपेक्षेइतका का वाढला नाही याचे कारण शोधणे, ही या संशोधनाची पहिली पायरी मानली जाते.