चार चाकांवरची डोंगरवाट

क्वाड बाइक म्हणजे मोटरसायकलसारखे हँडल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची सीट आणि चार फुगीर टायर असलेले वाहन. कागदोपत्री ती ऑल टेरेन व्हेइकल, बोलताना एटीव्ही. शनिवार-रविवारी बंगळुरूबाहेर पडणाऱ्यांच्या बेतांत तिने गेल्या काही वर्षांत ट्रेकिंगच्या जोडीने जागा मिळवली आहे. शहराभोवतीच्या साहसी शिबिरांत आणि रिसॉर्टमध्ये ती दोन रूपांत भेटते. एका रूपात टायर रचून आखलेल्या मातीच्या रिंगणात चार-पाच फेऱ्या मारायच्या, की संपले. दुसऱ्या रूपात वाटाड्यामागे रांगेने तास-दोन तास टेकड्यांच्या पायथ्याने, शेतांच्या कडेने, ओढे ओलांडत जायचे. खरी डोंगरसहल ती हीच, आणि तिचा दर्जा गाडीपेक्षा वाटाड्यावर अधिक ठरतो.

या वाहनाचा जन्म डोंगरासाठी झालेला नाही. हिवाळ्यात अमेरिकेत मोटरसायकली खपत नसत, तेव्हा विक्रेत्यांना बर्फात चालणारे काहीतरी हवे होते. होंडाचे अभियंते ओसामू ताकेउची यांनी त्यासाठी फुगीर टायरांची तीनचाकी तयार केली आणि १९७० साली ती ९० सीसीच्या इंजिनासह अमेरिकेत विक्रीला आली. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या जेम्स बाँडपटात ती दिसली आणि पाहता पाहता लोकप्रिय झाली. तीन चाकांची गाडी वळणावर सहज कलंडते, हे मात्र अपघात वाढल्यावर ध्यानात आले. १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची क्वाडरनर आणली. १९८८ मध्ये अमेरिकेतील उत्पादकांनी सरकारशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर शेतकरी आणि मेंढपाळ यांनी क्वाड बाइक आपलीशी केली होती. भारतात पोलारिस ही अमेरिकी कंपनी २०११ मध्ये आली आणि त्यानंतर हे वाहन पर्यटनस्थळी दिसू लागले. लडाखच्या उंचावर लष्करही एटीव्ही वापरते.

चौथे चाक आल्याने गाडी सुधारली, पण कलंडण्याचा धोका संपला नाही. मध्यम आकाराच्या क्वाड बाइकचे वजन तीनशे किलोच्या आसपास आणि रुंदी जेमतेम सव्वा मीटर असते. त्यावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस उंच बसतो, म्हणजे गाडीच्या वजनाचा चौथा हिस्सा वरच्या बाजूला आणि तोही हलता. त्यामुळे चालवणाऱ्याचे शरीर हा गाडीचाच एक भाग ठरतो. त्याने वजन योग्य बाजूला नेले तर गाडी चढ चढते, वळण घेते. तो पोत्यासारखा बसून राहिला तर तीच गाडी साध्या बांधावरही आडवी होऊ शकते. चार चाके पाहून जी निर्धास्ती वाटते, तिच्यापासून नवख्याला सर्वांत आधी सोडवावे लागते.

दुचाकीवर मोठे झालेल्या भारतीय माणसाला तर आणखी दोन सवयी सोडाव्या लागतात. पहिली सवय पाय टेकण्याची. स्कूटर डगमगली की पाय आपोआप जमिनीकडे जातो. क्वाड बाइकवर तो फूटरेस्टवरून सुटला, तर मागून येणारे टायर त्याच पायावर चढते आणि घोटा किंवा नडगी मोडते. म्हणून चांगला वाटाड्या सपाट मैदानावरच्या सरावात चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे फारसे पाहत नाही, त्याची नजर बुटांवर असते. दुसरी सवय एक्सलेटर पिळण्याची. बहुतेक क्वाड बाइकांना उजव्या अंगठ्याने दाबायची छोटी पट्टी असते. खड्ड्यात गाडी आदळली की घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो, त्यात अंगठाही दाबला जातो, आणि जिथे वेग कमी व्हायला हवा तिथे नेमका वाढतो. मनगट सैल, कोपर किंचित वाकलेले आणि अंगठा हलका, हे जमायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पण ती मिनिटे सपाटीवरच घालवावी लागतात.

टायर हे या गाडीचे खरे बळ. मोटारीच्या टायरमध्ये साधारण तीस पौंड हवा असते, क्वाड बाइकच्या टायरमध्ये तीन ते सात. पेट्रोल पंपावरच्या नेहमीच्या मीटरवर इतका कमी दाब नीट मोजताही येत नाही, त्यासाठी वेगळा मीटर ठेवावा लागतो. हवा कमी असल्याने टायर दगडाभोवती दबते आणि वाळूत किंवा चिखलात पसरून भार वाटून घेते. डाव्या-उजव्या टायरांत पौंड-दोन पौंडांचा फरक पडला तरी गाडी एका अंगाला ओढते. सकाळी निघण्यापूर्वी हा मीटर प्रत्येक टायरला लावला जातो का, एवढे पाहिले तरी त्या शिबिरातल्या कामाची शिस्त कळते.

वळणाची गोष्टही निराळी आहे. मोटार वळताना तिचे आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरते. ही सोय करणारा डिफरन्शियल अनेक क्वाड बाइकांच्या मागच्या आसाला नसतो. दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर एका गतीने फिरतात. हँडल वळवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. मग शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचे आणि पायाचा भार मात्र बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचा. असे केले की आतले चाक हलके होऊन किंचित घसरते आणि गाडी वळते.

ही कसरत ज्या जमिनीवर करायची, ती बंगळुरूभोवती सह्याद्रीपेक्षा पार वेगळी आहे. शहर स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. त्याच्या आसपास सपाट पठारातून एकेकटे ग्रॅनाइटचे घुमट वर आलेले दिसतात: १,४७८ मीटरचा नंदी, त्याच्या शेजारचा स्कंदगिरी, मागडीजवळचा १,२२६ मीटरचा सावनदुर्ग, आणि रामनगरच्या त्या टेकड्या, जिथे ‘शोले’चे रामगढ उभे राहिले. रामनगरचा खडक भूशास्त्रात क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणून ओळखला जातो आणि त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. महाराष्ट्रातील बसाल्ट साडेसहा कोटींच्या घरातला, म्हणजे त्याच्यापुढे अगदीच अलीकडचा. क्लोजपेट हे रामनगरचे इंग्रजी अमदानीतले नाव, म्हैसूरचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्यावरून पडलेले. हाच क्लोज पुढे पुण्याला रेसिडेंट होऊन आला आणि दुसऱ्या बाजीरावाबरोबर १८०२ च्या अखेरीस झालेला वसईचा तह त्यानेच घडवला. मराठी माणसाला या टेकड्यांत आणखीही ओळखीच्या खुणा सापडतात. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह बंगळुरू घेतले, तेव्हा केंपेगौडांचे घराणे मागडीकडे सरकले आणि सावनदुर्ग त्यांचा आधार झाला.

ग्रॅनाइट झिजला की त्याची भरड, गोल कणांची रेती होते. उतारावर ही रेती कातळावर पातळ थराने पसरते आणि टायरखाली सरकते. ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात, त्याचाच हा बारीक प्रकार. दुरून वाट कोरडी आणि टणक दिसते, म्हणून नवखा इथेच जोरात ब्रेक दाबतो आणि चाके अडकून गाडी घसरत जाते. पायथ्याच्या लाल मातीत पावसानंतर चिखल होतो, तो मात्र फुगीर टायरांना मानवतो. ओढ्यात मोठे गोटे कमी आणि रेती जास्त, त्यामुळे संथ आणि एका गतीने गेले तर पाणी सोपे जाते. खोल पाण्याचा प्रश्न वेगळा. बहुतेक क्वाड बाइकांना गियरऐवजी पट्ट्यावर चालणारे स्वयंचलित ट्रान्समिशन असते, आणि त्या पेटीत पाणी शिरले की पट्टा घसरतो व इंजिन गुरगुरत असूनही गाडी जागची हलत नाही.

चांगल्या सहलीत पहिला अर्धा तास गाडी चालवण्यात जातच नाही. संमतीपत्र भरून घेतात, दारू प्यायलेल्याला परत पाठवतात, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून पाहतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे आणि गॉगल हवेतच. गॉगल उन्हासाठी नसतो, पुढच्या गाडीच्या टायरमधून उडणारी रेती थेट डोळ्यांत येते म्हणून तो लागतो. मनगटाला किंवा कंबरेला एक दोरी बांधतात, तिचे दुसरे टोक इंजिनाच्या स्विचला. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. मग सपाटीवर आठचा आकडा काढायला लावतात, मध्येच थांबवून पाहतात, आणि त्यावरून रांग ठरते.

या रांगेत वाटाड्याचे कौशल्य दिसते. पुढे एक वाटाड्या, शेवटी दुसरा. सर्वांत कच्चा चालक पहिल्या वाटाड्याच्या लगेच मागे आणि सर्वांत सराईत शेवटून दुसरा. सराईताला हे रुचत नाही, पण पुढच्याने कच्च्या चालकाचा वेग धरला तरच अख्खी रांग जुळून राहते. मागे पडलेल्याला गाठण्याची घाई सुटते, आणि बरेच अपघात त्या घाईतच होतात. दोन गाड्यांत पाच-सहा गाड्यांचे अंतर. धुळीच्या दिवसांत त्याहून जास्त. ताशी वीस-पंचवीस किलोमीटर हा डोंगरवाटेवर पुरेसा वेग आहे. दृश्य पाहायचे असेल तर वाटाड्या हात वर करतो, सगळे थांबतात, इंजिने बंद होतात. चालत्या गाडीवरून दरीकडे पाहणे तो खपवून घेत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

चढाची सुरुवात होण्याआधी वाटाड्या एकेकाला सोडतो. पहिली गाडी वर पोचल्याशिवाय दुसरी निघत नाही. चढताना शरीर पुढे झुकवायचे, एक्सलेटर एका जागी धरायचा. गाडी मध्येच दम टाकू लागली तर वजन पुढेच ठेवून पुढचा ब्रेक दाबायचा आणि थांबायचे. मागे घरंगळू देऊन मागचा ब्रेक दाबला तर गाडी मागच्या मागे उलटते, आणि तीनशे किलोचे लोखंड छातीवर येते. ऑस्ट्रेलियात शेतांवर अशा चिरडण्याने इतके बळी गेले, की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे नव्या सर्वसाधारण वापराच्या क्वाड बाइकवर संरक्षक कमान सक्तीची झाली. उतरताना उलटे: वजन मागे, वेग कमी, इंजिनाचा अडसर घेत हलका ब्रेक. आडव्या उतारावरून जाताना शरीर डोंगराच्या बाजूला. पर्यटकांच्या वाटेत असा आडवा उतार शक्यतो नसावाच.

डबल सीटचा मोह आपल्याकडे फार. एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर मागे दुसरा बसला, की चालवणाऱ्याला मागेपुढे सरकायला जागा उरत नाही आणि वजन मागच्या चाकांच्याही मागे जाते. दोघांसाठी लांब बांधणीच्या वेगळ्या गाड्या मिळतात, त्याच घ्याव्यात. लहान मुलाला पुढे टाकीवर बसवून फोटोसाठी एक फेरी मारणे तर थेट धोक्याचे आहे. अमेरिकेतील निकषांप्रमाणे मोठ्यांची गाडी सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाही. मुलांच्या गाड्या लहान इंजिनांच्या, वेग बांधून दिलेल्या असतात. एखाद्या शिबिरात बारा वर्षांच्या मुलाला मोठी गाडी सहज मिळत असेल, तर तिथे बाकी सगळेही तितकेच सैल असणार.

कायद्याची बाजू पर्यटकाला सहसा कोणी सांगत नाही. मनोरंजनासाठीच्या क्वाड बाइकची आपल्याकडे मोटार म्हणून नोंदणी होत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर ती चालवता येत नाही. दोन शेतांना जोडणारा गावरस्ताही त्यातच येतो. सहल खासगी जमिनीतून किंवा परवानगी असलेल्या वाटेवरूनच जाऊ शकते. सावनदुर्गासारख्या टेकड्यांभोवती राखीव जंगल आहे, तिथे परवानगीशिवाय वाहन नेणे हा गुन्हा आहे. रामनगरचे रामदेवरबेट्टा हे २०१२ मध्ये घोषित झालेले गिधाडांचे अभयारण्य. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. याच खडकाळ झुडपांत पिवळ्या गळ्याचा बुलबुल राहतो, बिबटे आणि अस्वलेही आहेत. इंजिनाचा आवाज कड्यांत घुमतो आणि आखलेल्या वाटेबाहेर गेलेले एकच टायर गवताची पातळ माती उखडते; पुढचा पाऊस ती वाहून नेतो आणि खाली कातळ उघडा पडतो. वाटेवरच राहण्याचा नियम म्हणूनच माणसाइतकाच डोंगरासाठीही आहे.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने साहसी पर्यटन आयोजकांच्या संघटनेबरोबर काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एटीव्ही सहलींचे स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. सहल ठरवताना विचारायचे ते एवढेच: नोंदणी आहे का, वाटाड्याला प्रथमोपचार येतात का, विमा कोणाचा, सर्वांत जवळचे हॉस्पिटल किती अंतरावर. ज्यांना सावली हवी त्यांनी आणखी दूर, कोडगूत मडिकेरीकडे जावे. तिथे कॉफीच्या मळ्यांतून खासगी वाटा आहेत, पण जूनपासूनच्या मुसळधार पावसात त्या निसरड्या होतात. बंगळुरूच्या टेकड्यांना पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जास्त मिळतो. नोव्हेंबर ते जानेवारी माती दबलेली, हवा गार आणि धूळ कमी असते. मार्चनंतर रेती सुटी होते, गवत पेट घेऊ शकते, आणि दुपारच्या उन्हात हेल्मेट घालून दोन तास चालवणे अंगावर येते. त्या दिवसांत सकाळी सातची तुकडी घ्यावी.